मत मागायला येणाऱ्यांना प्रश्न कसे विचारावेत: घर, काम आणि बाईच्या हक्कांविषयी

"महिलांसाठी तुम्ही काय करणार?" प्रचारसभेत हा प्रश्न उठला की उमेदवाराला हायसं वाटतं. जिजाऊ, सावित्रीबाई, अहिल्यादेवी यांची नावं घ्यायची, आपल्या आईचा उल्लेख करायचा, एखाद्या योजनेचं नाव सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या, एवढं पुरतं. विचारणारी खाली बसते, पण तिच्या हातात काहीच पडत नाही. दोष तिच्या धिटाईचा नाही. प्रश्नच इतका ऐसपैस असतो की त्यात कोणतंही भाषण मावतं.

उत्तर भाषणात मावणार नाही असा प्रश्न तयार करणं हे शिकून येणारं काम आहे. पाच-सहा जणींचा गट आणि दोन महिन्यांचा अवधी असेल तर कोणत्याही गावात किंवा प्रभागात ते जमतं. बचत गट आधीच असेल तर निम्मी तयारी झालीच समजा.

पहिली पायरी: कोणाला काय विचारायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त प्रश्न वाया जातात ते चुकीच्या माणसाला विचारल्यामुळे. आमदाराला गटाराबद्दल विचारलं तर तो ग्रामपंचायतीकडे बोट दाखवणार. सरपंचाला पोलीस चौकीबद्दल विचारलं तर तो आमदाराकडे. दोघंही खरंच बोलत असतात आणि दोघंही सुटतात.

ग्रामपंचायतीकडे पाणी, दिवाबत्ती, गावातली शौचालयं, घराची नोंद आणि स्वतःच्या उत्पन्नातला महिलांसाठीचा राखीव हिस्सा असतो. ग्रामीण भागातली अंगणवाडी, प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या हाती. नगरसेवकाला सार्वजनिक शौचालयं, पथदिवे, पालिकेचा दवाखाना आणि प्रसूतिगृह यांबद्दल विचारा. शहरातल्या अंगणवाड्या मात्र बहुतेक ठिकाणी पालिकेच्या नसून राज्याच्या बालविकास प्रकल्पाच्या असतात, हे अनेकींना ठाऊक नसतं. पोलीस, एसटी, ग्रामीण रुग्णालय, राज्याच्या योजना आणि महिला व बालविकास खात्यातली रिक्त पदं हा आमदाराचा प्रांत. कामगार कायदे, लोकल रेल्वे आणि अंगणवाडीच्या मानधनातला केंद्राचा वाटा यांसाठी खासदाराला धरा.

निधीचंही तसंच. खासदाराला मतदारसंघासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात, पण ती टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेची असावी लागतात. त्यातून पाळणाघराची इमारत होऊ शकेल, तिथल्या ताईंचा पगार निघणार नाही. म्हणून इमारतीचं आश्वासन मिळालं की लगेच पुढचा प्रश्न विचारा: चालवणार कोण, आणि पगार कोणत्या खात्यातून?

दुसरी पायरी: गाऱ्हाण्याचा प्रश्न करा

गटात बसून आधी सगळी गाऱ्हाणी जशी येतील तशी लिहून घ्या. चाळीस झाली तरी हरकत नाही. मग एकेक उचलून त्यात चार गोष्टी भरा: जागा, संख्या, अधिकार आणि तारीख.

"रात्री घरी येताना भीती वाटते" हे गाऱ्हाणं आहे. त्यावर "पोलिसांना सांगतो" एवढंच उत्तर मिळेल. त्याच गोष्टीचा प्रश्न असा होतो: "बसथांबा ते आंबेडकर नगर या रस्त्यावर २२ खांब आहेत, त्यांतले ९ बंद आहेत. हा रस्ता पालिकेचा आहे. हे दिवे कोणत्या तारखेपर्यंत लागतील आणि पुढची तपासणी कोण करेल?" (आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्हाला मोजायचे आहेत.)

"एसटी वेळेवर येत नाही" याचंही तसंच करा. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे. पण संध्याकाळी साडेपाचनंतर गावाकडे गाडीच नसेल तर कारखान्यातून सुटणाऱ्या बाईला त्या सवलतीचा उपयोग नाही, तिला वडापच्या जीपमध्ये बसावं लागतं. मग विचारायचं ते हे: "आगाराकडे सायंकाळी सातच्या फेरीची मागणी तुम्ही लेखी केली आहे का? त्या पत्राची प्रत आम्हाला द्याल का?"

या दुसऱ्या वाक्यात खरी ताकद आहे. प्रत मागितली की केलेलं काम आणि सांगितलेलं काम वेगळं होतं.

शेवटी चाळीस गाऱ्हाण्यांतून सहा-सात प्रश्नच ठेवा. जास्त ठेवले तर उमेदवार सोपे निवडून त्यांवर वेळ काढतो. निवडताना मतभेद होतील, होऊ द्या. फक्त एक पाहा: घरकाम करणारी, शेतमजूर, एकटी राहणारी, दिव्यांग किंवा भटक्या-विमुक्त वस्तीतली बाई बैठकीत नसेल तर तिचा प्रश्न यादीत येणारच नाही. आधी तिच्या दाराशी जा.

तिसरी पायरी: आकडे हातात घ्या

आकडे मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, स्वतः मोजणं. मुंबईत २०११ पासून चाललेल्या राइट टू पी चळवळीनं हेच केलं. कार्यकर्त्या शौचालयांपर्यंत गेल्या, किती आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि पुरुषांना मुतारी फुकट असताना बायकांकडून पैसे घेतले जातात का, हे पाहून आल्या. त्यानंतर पालिकेशी बोलणं कुजबुजीवर राहिलं नाही. तुमच्या प्रभागात हे काम दोघींना दोन दिवसांचं आहे: वही, मोबाइलचा कॅमेरा, आणि प्रत्येक जागेची पाहिल्याची तारीख व वेळ.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, हा राज्याचा नियम आहे आणि त्यावर बोट ठेवून अर्ज परत येतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत २० रुपये भरून पहिलं अपील. म्हणूनच तयारी दोन महिने आधी सुरू करायची.

अर्जात "का" विचारू नका. "अंगणवाडीत सेविका का नाही?" याला माहिती अधिकारी "माहिती या संज्ञेत बसत नाही" असं उत्तर देतात. "या प्रकल्पातील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, तसंच प्रत्येक पद रिक्त झाल्याची तारीख द्यावी" असं मागा.

उमेदवाराबद्दलचे आकडे तर फुकट मिळतात. अर्जासोबत तो जे प्रतिज्ञापत्र देतो त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले लिहावे लागतात. लोकसभा-विधानसभेची प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कॅंडिडेट' या ॲपवर दिसतात. महिलांविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला त्यात आहे का, हे आधी वाचा. "तुमच्यावर गुन्हे आहेत म्हणे" असं कधी विचारू नका. प्रतिज्ञापत्राची प्रत हातात धरून "या खटल्यात आरोप निश्चित झाले आहेत का?" असं विचारा.

चौथी पायरी: विषयानुसार प्रश्न

*घर.* घरगुती हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याप्रमाणे पीडितेला मदत करायला संरक्षण अधिकारी असतो, आणि पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत व्हावा अशी अपेक्षा कायद्यात आहे. आमदाराला विचारा: आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, त्यांच्याकडे आणखी किती कामं दिली आहेत, जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर (पीडित महिलांना एकाच जागी मदत देणारं केंद्र) कुठे आहे आणि तिथे रात्री कोण असतं? उमेदवाराला यातलं काहीच सांगता आलं नाही, तरी तेही उत्तरच आहे. ते जसंच्या तसं लिहून घ्या.

घराच्या मालकीचा प्रश्न लहान वाटतो, पण बाई घराबाहेर काढली जाते तेव्हा तोच मोठा ठरतो. ग्रामपंचायतीत विचारा: नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, किती घरांवर पती-पत्नी दोघांची नावं आहेत, आणि उरलेल्यांसाठी शिबिर कधी घेणार?

लाडकी बहीण योजनेवर प्रश्न येणारच. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये द्यायची ही योजना. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं २,१०० आणि महाविकास आघाडीनं ३,००० रुपयांचं आश्वासन दिलं होतं. "वाढवणार का?" असं विचारलं तर "हो" ऐकू येईल. "कोणत्या अर्थसंकल्पात, कोणत्या महिन्यापासून, आणि त्यासाठी इतर कोणत्या खात्याचा निधी कमी होणार?" असं विचारा. त्याहून निकडीचा प्रश्न थांबलेल्या हप्त्यांचा आहे. ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख पडताळणीत) पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची गरज पडली तेव्हा विधवा, परित्यक्ता आणि एकट्या बायकांची अडचण झाली. आपल्या तालुक्यात किती जणींचे हप्ते कोणत्या कारणानं बंद झाले आणि दाद कोणाकडे मागायची, हे लेखी मागा.

*काम.* दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, हा २०१३ चा कायदा. ती नसेल तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या आणि घरकामगार महिलांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. प्रश्न असा ठेवा: "आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता सांगा. गेल्या वर्षी तिथे किती तक्रारी आल्या?" शून्य तक्रारी हे अभिमानानं सांगितलं जातं. तेव्हा शांतपणे विचारा की समितीचा फलक तालुक्यात कुठे लावला आहे. पत्ताच ठाऊक नसेल तर तक्रार येणार कुठून?

बाळंतपणाची पगारी रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी. एमआयडीसी असलेल्या मतदारसंघात विचारा: अशा किती कारखान्यांत पाळणाघर प्रत्यक्ष चालू आहे, आणि कंत्राटदाराच्या नावावर असलेल्या बायका त्या ५० मध्ये मोजल्या जातात का?

ऊसतोडीच्या पट्ट्यात प्रश्न आणखी खोल जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. आता प्रश्न अंमलबजावणीचा आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या हातात पडते आणि खाडा झाला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, तर भुर्दंड दोघांवर. उमेदवाराला विचारा: गेल्या हंगामात गाव सोडण्याआधी किती जणींची तपासणी झाली आणि परतल्यावर किती जणींची? कारखान्याच्या तळावर न्हाणी आणि संडास बांधायची जबाबदारी कोणाची? बाईची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी यासाठी तुम्ही काय केलं? या भागातले अनेक नेते स्वतः साखर कारखान्यांवर असतात, त्यामुळे "हे माझ्या हातात नाही" हे उत्तर त्यांना शोभत नाही आणि ते स्वीकारूही नका.

*दारू.* गाव किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं, तेच उभी बाटली-आडवी बाटली: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतांपैकी नव्हे, तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. अनेक गावं इथेच हरतात, कारण लग्न होऊन गेलेल्या आणि वारलेल्या बायकांची नावं यादीत तशीच असतात. आधी यादी साफ करून घ्या. उमेदवाराला विचारायचं ते असं: मतदानाच्या मागणीवर तुम्ही पाठिंब्याची सही कराल का? आणि दुकान बंद झाल्यावर हातभट्टी सुरू झाली तर ग्रामरक्षक दल (अवैध दारूवर लक्ष ठेवणारा गावकऱ्यांचा गट) उभं करायला मदत कराल का?

*प्रतिनिधित्व.* २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे. पक्षाला थांबायची गरज नाही. "या जिल्ह्यात सर्वसाधारण जागांवर तुमच्या पक्षानं किती महिलांना तिकीट दिलं?" हा साधा प्रश्न बराच उजेड पाडतो.

एक काळजी घ्या. महिला उमेदवाराला "घर-मुलं कशी सांभाळणार?" असं विचारू नका. विचारायचंच असेल तर त्याच बैठकीत पुरुष उमेदवारालाही विचारा. कोणाच्या लग्नाबद्दल, घटस्फोटाबद्दल, मूल नसण्याबद्दल प्रश्न नको. कुटुंबाविषयीचा योग्य प्रश्न धोरणाचा असतो.

पाचवी पायरी: बैठक बसवा

प्रचारफेरीत दारावर विचारायला एकच प्रश्न ठेवा. खरे प्रश्न बैठकीत. वेळ बायकांच्या कामाची धरा: गावात दुपारी दोन ते साडेतीन, शहरात रविवारी संध्याकाळी. नळाला पाणी यायची वेळ टाळा. जागा शाळा, समाजमंदिर अशी सगळ्या जातींच्या बायका निःसंकोच येतील ती हवी.

हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात उमेदवाराला गाठणं सोयीचं वाटतं, पण तिथे विधवांना बोलावतच नाहीत अशी गावं अजून आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानं तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. तुमच्या गावानं तो केला आहे का, हाही प्रश्न यादीत घ्या. वाण म्हणून साड्या, मिक्सर वाटले जात असतील तर आचारसंहितेच्या काळात ते आमिष आहे. फोटो काढून सी-व्हिजिल ॲपवर किंवा निवडणूक कार्यालयात तक्रार करता येते.

आचारसंहिता लागल्यावर बैठक घेत असाल तर पोलीस ठाण्याची आणि निवडणूक कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. सगळ्या उमेदवारांना एकाच मजकुराचं निमंत्रण द्या आणि पोच ठेवा. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत बैठक ठेवू नका.

दीड तास धरा. उमेदवाराच्या प्रास्ताविकाला पाच मिनिटं, मग प्रश्न. प्रश्न एक मिनिटाचा, उत्तर तीन मिनिटांचं, लगेच एक उपप्रश्न. माइक गटाच्या हातात ठेवा. तो एकदा व्यासपीठावर गेला की परत येत नाही. प्रत्येक प्रश्नाला दोघी ठरवा: एक विचारणारी आणि एक उपप्रश्नावाली. पहिलीचा आवाज कापला तर दुसरी सावरते. तिसरी उत्तर लिहून घेईल, चौथी मोबाइलवर रेकॉर्ड करेल, आणि तसं सुरुवातीलाच जाहीर सांगा. लहान मुलांना सांभाळायला बाजूच्या खोलीत दोघी हव्यात, नाहीतर तरुण आया अर्ध्यातून उठतात.

हिंसाचाराची किंवा छळाची स्वतःची हकीगत कोणालाही जाहीर सांगायला लावू नका. तिला नंतर त्याच गावात राहायचं असतं. तिच्या अनुभवातून प्रश्न काढा, नाव ठेवू नका. तातडीची मदत हवी असेल तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.

टाळाटाळीच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. "बघतो", "पाठपुरावा चालू आहे" असं आलं की "पाठपुराव्याच्या शेवटच्या पत्राची तारीख?" "आधीच्या सरकारनं वाट लावली" असं आलं की "मान्य, पण तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत काय कराल?" "ताई, तुम्ही ऑफिसला या" म्हटलं तर "कोणत्या दिवशी, किती वाजता? आम्ही दहा जणी येऊ." कोणी "तू कोणत्या पक्षाची?" विचारलं तर "इथली मतदार" एवढंच सांगून प्रश्न पुन्हा वाचा. महिला सरपंच किंवा नगरसेविकेच्या जागी तिचा नवरा किंवा दीर उत्तर द्यायला उठला तर नम्रपणे थांबवा: "प्रश्न बाईंना आहे, त्यांना वेळ लागला तरी चालेल." तिला खरंच माहिती नसेल तर आठवड्याची मुदत द्या. तिचा अपमान करून काहीच साधत नाही, पण तिची खुर्ची दुसऱ्याला देऊनही नाही.

महिला ग्रामसभा सोडू नका

निवडणूक पाच वर्षांनी येते, ग्रामसभा वर्षात किमान चार वेळा घ्यावी लागते, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती अनेकदा कागदावरच होते: नोंदवही घरोघर फिरते आणि सह्या जमतात. सभा न होता सही करू नका, एवढं जरी गावानं ठरवलं तरी बरंच बदलेल.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मोजक्या माणसांत हवे ते ठराव तिथेच होतात. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून घ्या आणि तिलाच जास्त संख्येनं जा.

तिथे विचारायचा पहिला प्रश्न पैशाचा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून वर्षाला ६ लाख जमत असतील तर ६० हजार. गेल्या तीन वर्षांत तो कशावर खर्च झाला, बिलांसह मागा. सतरंज्या आणि खुर्च्या निघाल्या तर पुढच्या वर्षासाठी तुमचा ठराव तयार ठेवा: मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅडची विल्हेवाट, अंगणवाडीचा नळ, शिवणयंत्राच्या प्रशिक्षणाची फी. ठराव एकीनं मांडावा, दुसरीनं अनुमोदन द्यावं, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) तो इतिवृत्तात तिथल्या तिथे लिहून घेऊन वाचून घ्यावा. "नंतर लिहितो" म्हटलेला ठराव सहसा सापडत नाही.

बैठकीनंतर

तीन दिवसांत एक पानाचं पत्र पाठवा: प्रश्न, दिलेलं उत्तर, दिलेली तारीख. शेवटी "यात चूक असल्यास आठ दिवसांत कळवावं" असं लिहा. पोच घ्या. हेच पान वस्तीत, बचत गटांत आणि व्हॉट्सॲप गटांवर सर्व उमेदवारांच्या उत्तरांसह जसंच्या तसं द्या. एकाचंच उत्तर फिरवलं तर तो प्रचार होतो आणि पुढच्या वेळी बाकीचे येत नाहीत.

निवडून आलेल्या आमदाराकडे पहिल्या अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जा. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं, तर तिथे प्रश्न जाण्यासाठी तुमचा कागद ऑक्टोबरातच त्याच्या हातात हवा. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) यांचा मसुदा तुम्हीच तयार करून द्या, माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रं जोडा. "मांडतो" असं म्हणाला तर अधिवेशन संपल्यावर प्रश्नाचा क्रमांक आणि मंत्र्यांच्या छापील उत्तराची प्रत मागा. क्रमांक नसेल तर प्रश्न गेलेलाच नाही. मग तोच कागद विरोधी बाकावरच्या किंवा शेजारच्या मतदारसंघातल्या आमदाराकडे न्यायला काहीच अडचण नाही.

सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेच्या क्रमानं, आणि फाइलची झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा.